मायकोसिस फंगॉइडिससाठी नॅरोबँड लाइट: कुणाला पुरते, कुणाला नाही

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. मायकोसिस फंगॉइडिस हा त्वचेचा लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कर्करोग) पातळ चट्ट्यांच्या पायरीवर असेल, तर नॅरोबँड यूव्हीबी लाइट, म्हणजे ठरावीक पट्ट्यातल्या अतिनील किरणांची लाइट, हा पहिल्या पसंतीचा उपचार आहे आणि आपल्याकडे मिळणाऱ्या पर्यायांत दाम वसूल करणाराही. चट्टे जाड असतील तर ती अर्धवट काम करते. गाठी आल्या असतील तर तिच्यावर विसंबून राहू नये. पाचपैकी गुण द्यायचे तर पातळ चट्ट्यांना साडेचार, जाड चट्ट्यांना अडीच, केसांच्या मुळांशी बसलेल्या प्रकाराला एक आणि गाठींना शून्य. मशीन तेच, ट्यूब त्याच, हाताळणारा माणूसही तोच, तरी गुणांत एवढा फरक! आजार कातडीत किती खोल गेलाय, यावरच सगळं अवलंबून आहे.

आजार कुठे बसतो आणि किरण कुठवर जातो

लिम्फोमा म्हटलं की मानेतली किंवा काखेतली गाठ डोळ्यांसमोर येते. हा लिम्फोमा मात्र कातडीतच सुरू होतो. शरीरातल्या काही टी पेशींची (प्रतिकारशक्तीच्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी) नेमणूकच त्वचेवर असते. त्यांच्या अंगावरचे सीएलए, सीसीआर४ यांसारखे रेणू त्यांना रक्तातून बरोबर त्वचेत आणून सोडतात. अशा एखाद्या पेशीत जनुकीय बिघाड साचत जातात, तिचं ठरल्या वेळी मरणं थांबतं आणि तिचीच वंशावळ त्वचेत भरत जाते. हे सगळं फार सावकाश होतं. पहिला चट्टा दिसल्यापासून नक्की निदान होईपर्यंत तीन-चार वर्षं सहज निघून जातात, कित्येकदा त्याहून जास्त.

सुरुवातीला या पेशी वर चढून एपिडर्मिसमध्ये, म्हणजे कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात, बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या तळच्या ओळीला धरून रांगेनं बसलेल्या दिसतात. अंगाच्या बहुतेक भागावर एपिडर्मिसची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते, आणि ३११ नॅनोमीटरचा नॅरोबँड किरण साधारण तेवढाच आत जातो: एपिडर्मिस आणि त्याखालच्या डर्मिसचा वरचा पापुद्रा. पेशी आणि किरण एकाच पातळीवर भेटतात, म्हणून उपचार लागू पडतो. किरणानं डीएनएला जी इजा होते ती कातडीच्या नेहमीच्या पेशी बऱ्यापैकी सोसतात, टी पेशी सोसू शकत नाहीत आणि मरतात.

चट्टा जाड होतो तेव्हा पेशींचा थर डर्मिसमध्ये पसरलेला असतो. गाठीच्या पायरीवर तर पेशींची वाढ मुख्यतः खालीच चालते. तिथे किरण पोचत नाही. ‘डोस वाढवू या’ म्हटलं की वरची कातडी भाजते आणि खालचा आजार जागचा हलत नाही. फॉलिक्युलोट्रॉपिक नावाचा जो प्रकार आहे त्यात पेशी केसांच्या मुळांभोवती जमतात. हा बहुधा चेहरा, मान, डोकं इथे दिसतो, भुवईचे केस गळतात, खाज हैराण करते. वरून पाहिलं तर चट्टा पातळ वाटतो, पण मुक्काम खोल असतो. त्याला लाइटवर महिनोन्‌महिने ठेवलं तर फायद्यापेक्षा वेळ जास्त जातो.

या आजाराचं पहिलं वर्णन १८०६ सालचं, पॅरिसच्या सँ लुई रुग्णालयातल्या जाँ-लुई आलिबेर यांचं, आणि ते गाठींच्या अवस्थेचं होतं. चट्टा, जाड चट्टा, गाठ हा क्रम पुढे बाझँ यांनी मांडला. हा क्रम वाचून लोक उगाच धास्तावतात. प्रत्येकाचा आजार शेवटच्या पायरीला जातोच असं नाही. अंगाच्या १० टक्क्यांहून कमी भागावर चट्टे असलेल्यांपैकी दहा वर्षांत या आजारानं दगावणारे सुमारे ५ टक्केच असतात. बाकीचे कधी बरे, कधी पुन्हा चट्टे, असं करत आपलं आयुष्य जगतात. तो बुरशीचा आजार नाही, स्पर्शानं पसरत नाही, आणि खाण्यापिण्याच्या पथ्यानं वाढत-घटत नाही. सेझरी सिंड्रोम हा त्याचा जवळचा नातलग वेगळा: त्यात सगळं अंग लाल होतं, बिघडलेल्या पेशी रक्तात फिरतात, आणि उपचाराचा रस्ताच बदलतो.

लाइट घेण्याआधी बायोप्सी, नंतर नाही

सेवा म्हणून पाहिलं तर सगळ्यात मोठी चूक चेंबरच्या बाहेरच होते. ‘कोडासारखं दिसतंय’ किंवा ‘सोरायसिस असेल’ असं म्हणून आधी लाइट सुरू केली जाते. लाइट कोड, सोरायसिस आणि हा लिम्फोमा या तिन्हींवर काही ना काही चालते, त्यामुळे चट्टे फिके होतात, सगळ्यांना बरं वाटतं. लाइट थांबली की काही महिन्यांनी ते परततात आणि तेव्हा बायोप्सी घेतली तर लाइटनं पेशी विरळ झाल्यामुळे अहवाल येतो ‘निश्चित सांगता येत नाही’. पुरावा उपचारानंच पुसला गेलेला असतो. कोणतंही सेंटर संशयाच्या चट्ट्यावर बायोप्सीविना लाइट देत असेल तर तिथून उठावं.

आपल्या सावळ्या त्वचेवर हा आजार अनेकदा लाल दिसतच नाही. पांढुरके, फिकट चट्टे हेच त्याचं रूप असतं, आणि लहान मुलांत व तरुणांत तर बऱ्याचदा तेच. मग घरचे म्हणतात शिबं, शेजारी म्हणतात कोड, आणि दवाखान्यात कुष्ठरोगाची शंका येते. फरक ओळखायच्या काही खुणा आहेत. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा आणि कडेनं रेखीव असतो, वूड्स लॅम्पखाली (त्वचा तपासायचा अतिनील दिवा) उजळून दिसतो. हा चट्टा मळकट पांढरा, कडेला विरत जाणारा, वर बारीक कोंडा. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात संवेदना कमी होते, इथे ती शाबूत असते. आणि जागा पाहा: कुल्ले, मांड्यांचा वरचा भाग, कंबर, स्तन, काखेच्या आसपास, म्हणजे जिथे कधी ऊन लागत नाही तिथे. चट्टे वेगवेगळ्या आकारांचे, काहींवर कातडी पातळ होऊन सिगारेटच्या कागदासारखी सुरकुतलेली. औषधाच्या दुकानातून आणलेल्या तीन-चार औषधांच्या मिश्र ट्यूबनं, म्हणजे स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेल्या क्रीमनं, चट्टा महिनाभर दबतो आणि पुन्हा वर येतो. गजकर्णही असंच करतं, म्हणून वर्षं वाया जातात.

बायोप्सी नीट व्हावी यासाठी स्टेरॉइडची मलमं दोन ते चार आठवडे बंद ठेवावी लागतात. एकाच जागेचा तुकडा पुरत नाही. दोन किंवा जास्त चट्ट्यांवरून, त्यातही औषध न लावलेल्या चट्ट्यावरून घेतलेला बरा. नमुना त्वचारोगाच्या स्लाइड वाचण्याची सवय असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडे जायला हवा. पेशींवर कोणत्या खुणा आहेत, म्हणजे त्या सीडी४ आहेत की सीडी८, सीडी७ गमावलंय का, हे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत (तुकड्याला खास रंग देऊन) पाहतात आणि टी पेशींची वंशावळ एकच आहे का हे जनुकीय चाचणीत. पांढुरक्या प्रकारात सीडी८ पेशी वरचढ असणं नेहमीचं आहे, त्यानं दचकू नये. पहिल्या बायोप्सीत नक्की काही निघालं नाही तर सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागते, यात डॉक्टरांचा कच्चेपणा मानू नये. दुसरं मत हवं असेल तर स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) दोन्ही सोबत न्या. नुसता छापील अहवाल पुरत नाही.

एक इशारा इथेच. इसब किंवा सोरायसिस समजून सायक्लोस्पोरीन, टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं किंवा ड्युपिलुमॅब दिल्यावर दबलेला लिम्फोमा उसळल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. मोठ्या माणसाला पहिल्यांदाच ‘इसब’ झालंय आणि ते नेहमीच्या उपचाराला दाद देत नाहीये, तर ही औषधं सुरू होण्याआधी बायोप्सी मागावी.

टप्पा ठरवायला हाताचा पंजा पुरतो: रुग्णाचा स्वतःचा पंजा बोटांसकट म्हणजे अंगाचा सुमारे १ टक्का. चट्टे दहा पंज्यांपेक्षा कमी जागेत असतील तर टप्पा आयए (IA), जास्त असतील तर आयबी (IB). एक सेंटिमीटरची एक गाठ आली तरी टप्पा आयआयबी (IIB). फक्त पातळ चट्टे आणि तेही थोडे असतील तर पेट स्कॅन सहसा लागत नाही. रक्ताची साधी तपासणी, एलडीएच (रक्तातलं एक एन्झाइम) आणि मान-काख-जांघ हातानं चाचपणं पुरतं.

चेंबर: काय पाहायचं

चेंबर म्हणजे साधारण सहा फुटी ट्यूबांनी वेढलेली उभी कोठडी. ट्यूबांवर ‘टीएल ०१’ किंवा ‘३११ नॅनोमीटर’ असं लिहिलेलं असतं. जुन्या काही मशीनांत यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही ट्यूबा एकाआड एक बसवलेल्या असतात, तेव्हा तुमच्या सिटिंगला कुठल्या पेटतात ते विचारून घ्या. वातानुकूलन, संगीत, गुळगुळीत फरशी यांनी मिलिज्यूल, म्हणजे अंगावर पडणारा किरणांचा डोस, वाढत नाहीत.

डोसचं गणित सोपं आहे आणि रुग्णाला ते यायलाच हवं. ट्यूबांची तीव्रता मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये मोजतात. तीव्रता गुणिले सेकंद म्हणजे डोस, मिलिज्यूलमध्ये. तीव्रता ३ असेल आणि डोस ३०० द्यायचा असेल, तर १०० सेकंद. आता ट्यूबा जुन्या झाल्या आणि तीव्रता २ वर आली. ऑपरेटरच्या वहीत मात्र अजून १०० सेकंदच. रुग्णाला मिळतात २००. दोन महिन्यांनी शेरा पडतो ‘लाइट लागू पडत नाही’ आणि माणूस विनाकारण जड औषधांवर जातो. उलटंही होतं: ट्यूबा बदलल्या, तीव्रता ४ झाली, वेळ तोच ठेवला, तर अंगावर ४०० पडतात आणि त्या रात्री पाठ पेटते. म्हणून सेंटरला तीन प्रश्न विचारा. रेडिओमीटर (तीव्रता मोजायचं यंत्र) आहे का? शेवटचं मोजमाप कधीचं? माझ्या कार्डावर सेकंद लिहिता की मिलिज्यूल? फक्त सेकंद लिहिणाऱ्या सेंटरचं कार्ड दुसऱ्या सेंटरला निरुपयोगी असतं, आणि नोकरीची बदली झाली की सगळं पहिल्यापासून.

आपल्या त्वचेला सुरुवात साधारण २८० ते ३५० मिलिज्यूलनं करतात. काही ठिकाणी आधी पाठीच्या छोट्या चौकोनांवर चाचणी घेऊन, किती डोसला पहिली लाली येते ते पाहून त्याच्या ७० टक्क्यांवर सुरुवात करतात. ही पद्धत जास्त चांगली, पण वेळखाऊ, त्यामुळे गर्दीच्या ओपीडीत क्वचितच दिसते. आठवड्यातून तीन वेळा, एक दिवसाआड. यूव्हीबीची लाली यायला बारा ते चोवीस तास लागतात. रोज दिली तर कालच्या भाजण्यावर आजचं भाजणं चढतं. प्रत्येक वेळी डोस १० ते २० टक्के वाढवत जातात. पहिली सिटिंग दोन मिनिटांच्या आत संपते, पुढे आठ-दहा मिनिटांपर्यंत जाते.

पुढच्या सिटिंगआधी ऑपरेटरनं एकच गोष्ट विचारायची असते: मागच्या वेळी काय झालं? हलकी गुलाबी छटा आली आणि दुसऱ्या दिवशी गेली, तर उत्तम, डोस वाढवा. लाली टिकून आहे पण दुखत नाही, तर तोच डोस ठेवा किंवा एक सिटिंग थांबा. दुखतंय, फोड आलेत, तर लाइट बंद आणि डॉक्टरांना दाखवा. सिटिंगा चुकल्या तर तेही सांगायचं. आठवडाभराचा खंड पडला तर तोच डोस; एक ते दोन आठवड्यांचा असेल तर पाव कमी; दोन ते तीन आठवड्यांचा असेल तर निम्मा; तीन आठवड्यांहून जास्त असेल तर पुन्हा पहिल्यापासून. गणपतीला गावी जाऊन पंधरा दिवसांनी आलेल्या माणसाला जुनाच डोस दिला की काय होतं ते कुठल्याही लाइट रूममधला ऑपरेटर सांगेल.

अंतर्वस्त्रांचा प्रश्न

आता या सगळ्या परीक्षणातला कळीचा मुद्दा, आणि तो बोलायला सगळ्यांना अवघड जातं. हा आजार बसतो कुल्ल्यांवर, जांघेत, कंबरेवर, स्तनांखाली. आणि आपल्याकडच्या चेंबरमध्ये माणूस उभा राहतो चड्डी-बनियनवर किंवा गाऊन गुंडाळून. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पोटावरचे, हातांवरचे चट्टे गेले, कुल्ल्यांवरचे जसेच्या तसे राहिले, आणि कार्डावर नोंद झाली ‘अर्धवट प्रतिसाद’. प्रतिसाद अर्धवट नव्हता, लाइटच तिथे पोचली नव्हती.

चेंबरमध्ये कपडे पूर्ण काढायचे. पुरुषांनी जननेंद्रिय झाकायचं, कारण तिथे किरणांमुळे त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्यासाठी जाड सुती पिशवी किंवा मोजा पुरतो, अख्खी चड्डी लागत नाही. डोळ्यांवर यूव्ही अडवणारा गॉगल सक्तीचा. चेहऱ्यावर आजार नसेल तर चेहरा जाड कापडानं झाका. आणि जे झाकायचं ते पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तसंच झाका. वीस सिटिंगा चड्डी घालून घेतल्या आणि एकविसाव्या दिवशी काढली, तर ज्या कातडीला कधी लाइट लागलीच नाही तिच्यावर एकदम मोठा डोस पडतो. तसं करायचंच असेल तर ऑपरेटरला सांगून त्या भागासाठी डोस वेगळा, सुरुवातीचा ठेवावा लागतो. बायकांसाठी आतून कडी असलेली खोली आणि महिला ऑपरेटर नसेल तर वर लिहिलेलं सगळं कागदावरच राहतं; सेंटर निवडताना ही सोय मशीनच्या मॉडेलपेक्षा वर धरावी.

कपडे काढले तरी सावल्या उरतातच. काखा, स्तनांखालची घडी, कुल्ल्यांमधली फट, मांड्यांच्या आतल्या बाजू, तळपाय. आजार परततो तो बहुधा याच जागांवरून. हात डोक्यावर, पाय फाकून, मग एक पाय छोट्या स्टुलावर, पाठीमागची फट हातांनी उघडून, असं उभं राहण्याच्या पद्धती ठरवून घ्याव्या लागतात आणि डोसमधला काही वेळ त्यासाठी वाटून द्यावा लागतो. पूर्ण त्वचेला इलेक्ट्रॉन किरण देणारे रेडिओथेरपीवाले रुग्णाला सहा वेगवेगळ्या पवित्र्यांत उभं करतात, ते याच कारणानं. लाइट रूममध्ये मात्र माणूस खांबासारखा उभा राहून बाहेर येतो.

सिटिंगला जाताना अंगावर जाड मलम, व्हॅसलीन, झिंकचं लोशन नको, ते किरण अडवतात. कोंडा फार असेल तर तेलाचा पातळ हात चालतो. मॉइश्चरायझर नंतर, भरपूर. आणि कोडासाठी म्हणून कुणी बावचीचं तेल दिलं असेल तर ते आधी बंद करा: बावचीत सोरालेन असतं, ते लावून लाइट किंवा ऊन घेतलं तर कातडी भाजते. डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबाच्या गोळ्यांतलं हायड्रोक्लोरोथायझाइड अशी औषधं चालू असतील तर पहिल्याच दिवशी सांगावं. ल्यूपस (उन्हानं बळावू शकणारा प्रतिकारशक्तीचा आजार) असलेल्यांनी आणि आधी त्वचेचा कर्करोग झालेल्यांनी लाइट सरसकट घेऊ नये. गरोदरपणात नॅरोबँड चालते, फॉलिक अॅसिड मात्र चुकवायचं नाही.

फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात. पूर्ण साफ व्हायला तीस-चाळीस सिटिंगा धरून चाला. पांढुरक्या प्रकारात रंग परतायला आणखी उशीर होतो. आजार आटोक्यात आला तरी डाग फिके राहतात, तेव्हा धीर सोडू नये. सुरुवातीच्या टप्प्यातल्या साधारण साठ टक्क्यांहून जास्त रुग्णांत चट्टे पूर्ण जातात.

दुसरं काय आहे

क्लोबेटासॉल ०.०५ टक्के हे जोरदार स्टेरॉइडचं मलम थोड्या चट्ट्यांसाठी अजूनही चांगलं हत्यार आहे, आणि स्वस्त. फसतं ते प्रमाणात. बोटाच्या एका पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, ती दोन पंज्यांना पुरते. पाच पंज्यांइतका आजार असेल तर एका वेळी सव्वा ग्रॅम, दिवसातून दोनदा म्हणजे अडीच. ३० ग्रॅमची ट्यूब बारा दिवसांत संपायला हवी. ती तीन महिने पुरली असेल तर मलम लावलं गेलेलंच नाही. आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर मात्र जायचं नाही, आणि काख-जांघेत जपून, तिथे कातडी लवकर पातळ होऊन रेघा उठतात.

चट्टे जाड असतील तर पुवा. मेथॉक्सिसोरालेनची गोळी, वजनाच्या किलोमागे ०.६ मिलिग्रॅम, दीड-दोन तासांनी यूव्हीए. हा किरण डर्मिसमध्ये आणखी खोल जातो, म्हणून जाड चट्ट्यांना पुवा सरस. एकत्रित आढाव्यांतही पूर्ण साफ होण्याचं प्रमाण नॅरोबँडपेक्षा जास्त, सत्तर टक्क्यांच्या पुढे दिसतं. बदल्यात मळमळ, गोळी घेतल्यावर चोवीस तास डोळ्यांना गॉगल, दिवसभर ऊन टाळणं, आणि आयुष्यभराच्या सिटिंगांना मर्यादा: सुमारे २०० च्या पुढे गेलं की त्वचेच्या कर्करोगाची भीती वाढते. गोळी खाऊन गच्चीवर उन्हात बसण्याची जी पद्धत कोडासाठी चालते ती इथे नको. उन्हाचा डोस मोजता येत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांना मेक्लोरेथामिनची, म्हणजे त्वचेवर लावायच्या केमो औषधाची, जेल सुचवली जाईल. ती तिथे २०१३ पासून मंजूर आहे. ती फ्रिजमध्ये ठेवावी लागते आणि अनेकांना जागेवर लाल चुरचुरणारी अॅलर्जी होते. एक-दोनच हट्टी जाड चट्टे किंवा एखादी गाठ असेल तर तेवढ्या जागेला ८ ते १२ ग्रे (रेडिओथेरपीचा डोस मोजायचं एकक) रेडिओथेरपी झटपट काम करते. एवढ्यासाठी अख्ख्या अंगाची लाइट वाढवत बसण्यात अर्थ नाही. चट्टे जाड आणि सर्वदूर असतील तर संपूर्ण त्वचेला इलेक्ट्रॉन किरण: पूर्वी ३० ते ३६ ग्रे देत, आता बरेच जण १२ ग्रेवर थांबतात. त्यात केस गळणं, नखं सैल होणं कमी आणि गरज पडली तर पुन्हा देता येतं. ही सोय मोजक्या केंद्रांतच आहे. गोळ्यांत आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट (रोज नव्हे, ही चूक जीवघेणी ठरते) किंवा बेक्सारोटीन. बेक्सारोटीनबरोबर थायरॉइडची गोळी आणि चरबी कमी करणारं फेनोफायब्रेट जवळपास ठरलेलंच, जेमफिब्रोझिल मात्र चालत नाही. पुढच्या टप्प्यांसाठी ब्रेंटक्सिमॅब आणि मोगामुलिझुमॅब आहेत, सेझरीसाठी रक्त बाहेर काढून त्यावर यूव्हीए देणारं फोटोफेरेसिस. त्यांचं परीक्षण हा वेगळा विषय.

लवकरच्या टप्प्यात ‘कॅन्सर आहे तर केमो द्याच’ असा नातेवाइकांचा आग्रह असतो. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १०३ रुग्णांना दोन गटांत वाटलं होतं: एकाला सुरुवातीपासून इलेक्ट्रॉन किरण आणि जोरदार केमो, दुसऱ्याला पायरीपायरीनं त्वचेपुरते उपचार. केमोच्या गटात जास्त जणांचे चट्टे गेले, पण आयुष्य वाढलं नाही, आणि त्रास खूप झाला. चट्ट्यांच्या पायरीवर केमो सुचवली गेली तर दुसरं मत घ्याच.

ऑनलाइन मिळणारे हातातले छोटे दिवे कोडाच्या एखाद्या डागासाठी ठीक. या आजारात घडीतल्या उरलेल्या चट्ट्याला, डॉक्टरांनी डोस लिहून दिल्यावर, ते वापरता येतात. सगळ्या अंगासाठी नाही, कारण एका वेळी जेमतेम तळहाताएवढी जागा होते आणि कडांवर डोस दुप्पट पडतो. खरी अडचण वेगळी आहे. आठवड्यात तीन फेऱ्या, तीन महिने: तालुक्याच्या गावाहून येणाऱ्याला सिटिंगच्या काहीशे रुपयांपेक्षा बुडालेली मजुरी महाग पडते, आणि उपचार सुटतो तो इथेच. वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचा विभागात लाइट स्वस्त असते, पण वेळ सकाळची; खासगीत संध्याकाळची वेळ मिळते. प्रवासाचं गणित आधी करा, मशीनची तुलना मग. तीनऐवजी दोन सिटिंगाच जमणार असतील तर तसं स्पष्ट सांगा. उशीर होईल, पण मधेच सोडण्यापेक्षा ते परवडतं.

चट्टे गेल्यावर लगेच थांबायचं की हळूहळू कमी करायचं, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. बरीच केंद्रं महिना-दोन महिने तोच डोस ठेवून फेऱ्या कमी करत आणतात. आजार परतला तर लाइट पुन्हा घेता येते आणि बहुतेकांना ती पुन्हा लागू पडते. एकूण सिटिंगांचा आकडा मात्र कार्डावर चालू ठेवावा, सेंटर बदललं तरी. पहिली काही वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी पूर्ण अंग दाखवायचं, चड्डीखालचंही. मधल्या काळात एखादा चट्टा फुगून एक सेंटिमीटरची गाठ झाली, तो फुटून त्यात पू झाला, किंवा जांघेत लसिका ग्रंथीची दीड सेंटिमीटरहून मोठी गाठ लागली, तर पुढच्या सिटिंगची वाट पाहू नका. लाइट थांबवा, त्या जागेची नवी बायोप्सी करा, आणि पू असेल तर तो आधी बरा करून घ्या: या आजारात स्टॅफिलोकॉकसचा संसर्ग आजारी टी पेशींनाच चेतवतो, आणि प्रगत अवस्थेतल्या काही रुग्णांत तर नुसत्या प्रतिजैविकांनीही चट्टे उतरल्याचं दिसलंय.